टॉवेलाखालचा हात

नलू,

अन्वी आणि ओमने परवा मेलबर्नहून फोनवर विचारलं, "आजी, आत्याआजी फिजिओ होती ना?" मी नाही म्हणाले. "मग कोण होती?" ऑक्युपेशनल थेरपिस्ट, असं मी सांगितलं. त्यावर अन्वी म्हणाली, "हो, पण म्हणजे ती काय करायची?" आणि जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या तुझ्या वहिनीला उत्तर देता येईना. तेवढ्यात त्यांच्या बाबाने फोन घेतला, तिकडच्या थंडीबद्दल बोलणं सुरू झालं आणि मी सुटले.

लिहून पाठवते, असं मुलांना कबूल केलं होतं. कागद घेतला, समास आखला, 'तुमची आत्याआजी' एवढं लिहिलं आणि गाडी तिथेच थांबली. तुझ्याबद्दल कुणाला काही सांगायचं तर मला आधी तुझ्याशी भांडावं लागतं, त्याशिवाय शब्द सुचत नाहीत. म्हणून तुलाच लिहिते. मुलं वाचतील. तू मध्ये बोलू शकत नाहीस, एवढीच काय ती या वेळची सोय.

तू गेल्याचा फोन आला त्या सकाळी आम्ही साताऱ्याहून निघालो आणि सांगलीला तुझ्या इमारतीपाशी पोचलो, तर जिना अडलेला. लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घे, असं तुझ्या दादाने तुला किती वेळा सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस, कारण तुझ्या मते जिना हाच अर्धा दवाखाना होता. पुढे एक उंच गृहस्थ काठी टेकत चढत होते. पाऊल उचलायचं, थांबायचं, कठडा चाचपायचा, मग दुसरं पाऊल. मागे आम्ही सगळे खोळंबलेलो. तुझ्या शेजारच्या काकांनी न राहवून त्यांचा दंड धरला, तर ते गृहस्थ केवढ्याने ओरडले, "हात लावू नका! बाईंनी सांगितलंय."

"अहो, पण बाई गेल्या," काका म्हणाले.

"म्हणून काय झालं?"

वर दारात एक बाई एकाच हाताने सँडलचा पट्टा सोडवत बसल्या होत्या. मी वाकून हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांबा हो जरा, होतंय माझं." मी थांबले. तू आत चादरीखाली, आणि तुझी सख्खी वहिनी दाराबाहेर सँडलच्या पट्ट्यापाशी ताटकळत उभी. मला रडू यायच्या आधी तुझा राग आला. तुझ्या बाबतीत माझा हाच क्रम होता, तो शेवटच्या दिवशीही तू मोडू दिला नाहीस.

मुलांसाठी थोडं सांगते. कुणाला अर्धांगवायू झाला, कुणाचा हात यंत्रात गेला, कुणाचं पडून हाड मोडलं, की औषधपाणी आणि ऑपरेशन झाल्यावर ते माणूस तुझ्याकडे यायचं. लोक तुला फिजिओ म्हणायचे आणि तू चिडायचीस. "वहिनी, हात वर जातो का हे ते बघतात. हात वर नेऊन तुम्हाला काय करायचंय, हे मी विचारते. कुणाला केस विंचरायचे असतात, कुणाला फळीवरचा डबा काढायचा असतो, आणि एखाद्याला नुसतं समोरच्या दुकानदाराला हात करायचा असतो." हे सगळं सुंदर होतं. पण त्यासाठी तुझ्या खांद्याला जी पिशवी असायची, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. तिच्यात पेशंटच्या बोटांना सरावासाठी कपड्यांचे चिमटे होते, बरण्यांची झाकणं होती, जुनी कुलपं होती आणि तुझ्या दादाच्या चांगल्या शर्टाचा बटणांकडचा अख्खा पुढचा भाग होता. कापायच्या आधी कुणाला विचारायची पद्धत तुला नव्हती. माझं लिंबू पिळायचं यंत्र आजही म्हसवडच्या बाजूला कुणाच्या तरी घरी आहे. माझी सांडशी कुठे गेली ते मला माहीतच नाही. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे, हे तुला नक्की ठाऊक होतं, कारण नेमकी लागेल ती वस्तू तू अंधारातही उचलायचीस.

आणि तो कुकर! माझं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं आणि तू आठवडाभर राहायला आलीस. मला वाटलं, चला, हाताखाली माणूस आलं. तू माझ्या ओट्यासमोर स्टूल ओढून बसलीस, शेंगदाणे खात. मला कुकरचं झाकण लागेना. मी म्हणाले, "नलू, जरा लाव." तू म्हणालीस, "हं." आणि आणखी एक शेंगदाणा तोंडात टाकलास. झाकण फिरेना, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी तुला नको ते बोलले, तुझ्या आईचाही उद्धार केला, आणि ती तर माझी सासू होती. तू शेंगदाणे संपवलेस. झाकण लागलं तेव्हा वरणाची वेळ टळून गेली होती. तुझ्या दादाने त्या दिवशी दही-पोहे खाल्ले आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू ते मनावर घेतलं नाहीस. माझ्या मनगटाकडे बघून म्हणालीस, "उद्या मोठा कुकर काढू."

तर आता तात्या.

निवृत्त झाल्यावर तू घरी जाऊन पेशंट बघायला लागलीस. सांगलीच्या दवाखान्यातून एका म्हाताऱ्याला घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी तुझं नाव दिलं आणि तू हो म्हणालीस. वस्ती वडूजच्या पुढे, म्हसवडच्या रस्त्यावर. सांगलीहून विट्यामार्गे तिकडे जाता येतं, हे मी तुला एसटीचं वेळापत्रक काढून दाखवलं. तरी तू दर खेपेला आधी उलटं साताऱ्याला यायचीस, आमच्याकडे मुक्काम करायचीस आणि सकाळी म्हणायचीस, "वहिनी, गाडी काढ ना. तुझ्या गाडीत एसी आहे." सत्तरी ओलांडलेली मी तुझी ड्रायव्हर. मला वाटायचं, ही दादासाठी येते. पण मुक्कामात तू दादाशी चार वाक्यं बोलायचीस आणि गाडीत माझ्याशी पुसेगाव येईपर्यंत तोंड मिटायची नाहीस. सरळ रस्ता सोडून तू वळसा का घालतेस, हे मी तुला विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. राहिलंच ते.

तात्या हेडी होते. मुलांनो, हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. या बाजार, त्या जत्रा, सगळा माणदेश त्यांनी पायी आणि ट्रकच्या टपावर पालथा घातलेला. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडातून एकच आवाज निघायचा, "हां". रागातही हां आणि भुकेतही हां. उजव्या हाताची मूठ आवळून मांडीवर पडलेली असायची.

पहिल्या दिवशी त्यांच्या मुलाने, संपतने, आपलं स्वागत केलं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा माणूस. "आमी काय कमी करत न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "दाढी मी करतो, आंघोळ मी घालतो, घास ही भरवती. तात्यास्नी बोट सुदिक हलवू देत न्हाई."

"तेच बंद करा," तू म्हणालीस.

संपत माझ्याकडे बघायला लागला. त्याला ऑर्डर पाळायची सवय होती, पण ही ऑर्डर उलटीच होती. त्याची बायको रूपाली हातातला घास तसाच धरून बसली.

"म्हंजे काय, उपाशी ठिवायचं?"

"ताट पुढं ठेवायचं आणि गप बसायचं. सांडलं तर सांडू दे. तुमची माया लय हाय, जरा कमी करा."

"आवं, पण लोक काय म्हनतील?" रूपाली म्हणाली. "सून बसून बघती आन् सासरा सांडतोय!"

"लोकांना माझ्याकडे पाठवा."

मी बाहेर गाडीत जाऊन बसले. मला त्या दोघांची दया आली. त्यांनी सेवेत काडीचीही कसर केली नव्हती आणि तू त्याचाच दोष काढत होतीस. परतताना मी हे बोलले. तू म्हणालीस, "वहिनी, त्या घरात तात्यांना आता करायला काही उरलेलंच नाही. शेळीलासुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त काम आहे."

पुढच्या खेपेला तू भोकांत बसवायच्या रंगीत खुंट्यांची पाटी नेलीस. तात्यांनी ती पाटी डाव्या हाताने अशी उडवली की खुंट्या जाऊन शेळीच्या पुढ्यात पडल्या. संपत खजील झाला. तू खुंट्या गोळा करत म्हणालीस, "बरोबर आहे. पोरांचा खेळ आहे हा."

मग ते बैलांचं प्रकरण झालं. गोठ्यात खिलारांची एक जोडी होती, तात्यांनी आजारपणाआधी घेतलेली. त्यांना कुणी बघायचं, म्हणून संपतने ती विकायची ठरवली आणि ओळखीच्या एका माणसाशी बोलणंही केलं. ते बोलणं तात्यांच्या समोर झालं आणि तात्यांनी ताट भिंतीवर फेकलं. त्यानंतर बैलांचा विषय निघाला की काही ना काही फेकलं जायचं. पाव्हणे म्हणायला लागले की म्हाताऱ्याच्या डोक्यात फरक पडला. संपतने हे सांगितलं तेव्हा तू त्याला केवढं ऐकवलंस. "जोडीवर जीव आहे त्यांचा. तोंड नाही म्हणून ताट फेकतात. विकू नका." मीही गाडीतून उतरून येऊन तुला दुजोरा दिला. माणसाचं जनावरावर कसं प्रेम असतं यावर मी बरंच बोलले. संपत मान खाली घालून ऐकत होता. आपण दोघी फार समाधानाने परतलो.

नंतरच्या वेळी तू त्याला सहज विचारलंस, "तात्या सौदा कसा करायचे?"

"तोंडानं लय कमी," संपत म्हणाला. "समदं टावेलाखाली." त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला आणि तुला म्हणाला, "हात आत घाला." तू घातलास. मी बघत होते. बघणाऱ्याला नुसता टॉवेल हललेला दिसत होता. आत एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, पाची मुठीत घेतली की पाच. हजार का लाख ते आधी बोलून घ्यायचं. बाकी सगळा भाव बोटांनी, म्हणजे भोवतीच्या माणसांना काही कळत नाही. विकणाऱ्याला पटलं नाही तर तो आपलं बोट पुढे करतो, घेणाऱ्याला पटलं नाही तर तो आपलं. संपत सांगत होता आणि तुझा चेहरा बदलत होता. तो चेहरा मी ओळखते. तो दिसला की माझ्या घरातली एखादी वस्तू जाते. तू म्हणालीस, "वहिनी, गाडीतला तुझा तो नवा नॅपकिन दे."

तात्यांच्या डाव्या हातावर तू तो नॅपकिन टाकलास. त्यांनी हात झटकून काढून घेतला. पुन्हा टाकलास, पुन्हा काढला. संपत म्हणाला, "डाव्यानं सौदा हुत न्हाई, मॅडम. त्यो अपमान हाय."

"मग उजव्याने," तू म्हणालीस.

त्यापुढचे आठवडे मी कसे काढले, ते माझं मला माहीत. तू कोमट पाण्यात तात्यांची मूठ बुडवायचीस, बोट न् बोट सोडवायचीस, हात पुसायचीस, माझा नॅपकिन टाकायचीस, आत हात घालायचीस आणि म्हणायचीस, "बोला, तात्या." आणि बसायचीस. काही म्हणजे काही व्हायचं नाही. चहा निवून जायचा. शेळी येऊन तुझी पिशवी हुंगून जायची. मी खुणेने घड्याळ दाखवायचे, तू बघायची नाहीस. मी एकदा म्हणाले, "अगं, तू जरा त्यांचं बोट दाबून दाखव तरी." तू म्हणालीस, "म्हणजे भाव मी ठरवू?" तात्या माझ्याकडे बघून "हां" म्हणाले आणि त्या एका आवाजात त्यांना माझ्याबद्दल काय वाटतं, ते सगळं आलं होतं.

मग एकदा टॉवेल हलला. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. मी घड्याळ बघायचं विसरले, एवढं कबूल करते.

हाताला थोडी ताकद आल्यावर तू उठलीस आणि आपल्या जागी संपतला बसवलंस. तात्यांनी त्याचा हात धरला. टॉवेल बराच वेळ हलत राहिला. संपतचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला.

"काय म्हणतायत?" तू विचारलंस.

"भाव सांगत्यात. जोडीचा."

"म्हणजे विकायचे आहेत?"

"विकायचं हाईतच," संपत कसंनुसं म्हणाला. "मी ठरवलाय त्याच्यापरीस लय वर सांगत्यात."

रूपाली चुलीपासून ओरडली, "बघा! मी म्हनतच हुते, सस्तात दिली तुमी जोडी. आमचं कोन आयकतंय."

तात्या तिच्याकडे बघून म्हणाले, "हां!" इतक्या महिन्यांत त्यांना पटणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

तू खाटेवर बसून हसलीस, डोळे पुसत हसलीस. "वहिनी, आपण दोघी येड्या. माया, माया करत होतो. म्हातारा भावासाठी रुसला होता!" मी हसले नाही. माझं ते प्रेमावरचं सगळं भाषण मला आठवत होतं.

संपतने आधीचं बोलणं मोडलं. तात्यांनी खुणेनेच ठरवून टाकलं की जोडी ते स्वतः विकणार, भर बाजारात, आणि तू त्यांना शब्द दिलास. परतताना गाडीत आपलं कडाक्याचं वाजलं.

"हात अडकला तर?" मी म्हणाले.

"अडकेल की."

"लोक हसतील."

"हसू देत. धंद्यात हसतात."

"आणि हसले नाहीत तर?" मी गाडी बाजूला घेतली. भांडताना मी गाडी चालवत नाही. "समोरच्याने आजारी माणूस म्हणून मान डोलावली आणि मागेल तो भाव दिला तर? म्हाताऱ्याला ते कळणार नाही असं वाटतं तुला? आयुष्यभर ज्याने कुणाला सोडलं नाही, त्याला बाजाराने दया म्हणून सोडलं, तर तो हात पुन्हा टॉवेलाखाली घालेल? तू जेवढं कमावलंस ते एका सकाळी जाईल."

तू गप्प बसणं इतकं विरळ होतं, की मला वाटलं, तुला पटलं. मग तू म्हणालीस, "पुसेगावात चहा घेऊ." चहा घेतला. साताऱ्याच्या स्टँडवर तुला सांगलीच्या गाडीत बसवलं तेव्हा तू खिडकीतून म्हणालीस, "बाजारादिवशी गाडी काढ."

"मी काढणार नाही."

"बघू."

हे आपलं शेवटचं बोलणं. मी ते दुरुस्त करू शकत नाही आणि मला ते तसं करायचंही नाही. मला राग याचा आहे की वाद अर्धा टाकून तू गेलीस. मी बरोबर होते की तू, हे ठरायचं राहिलं, आणि तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे मला अजून वाटतं की हे तू मुद्दाम केलंस.

तुझं सगळं आटोपून आम्ही साताऱ्याला परत आलो आणि काही दिवसांनी संपतचा फोन आला. तू गेल्याचं मी त्याला आधीच कळवलं होतं. "तात्यास्नी सांगितलं, बाई," तो म्हणाला. "भिंतीकडं तोंड करून पडून हुते. आज सकाळी उठले आन् खुणेनं धुतलेलं धोतार मागितलं. बाजार हाय म्हनत्यात."

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"मी बी त्येच सांगितलं त्यास्नी. तर बैलांच्या टेम्पोकडं बोट दावत्यात, त्यात बसून जातो म्हनत्यात."

आता तूच सांग, अर्धांगवायू झालेल्या माणसाला मी टेम्पोत बसू द्यायचं? गाडी काढली. तात्या पुढच्या सीटवर बसले, तुझ्या सीटवर, आणि सीटबेल्ट डाव्या हातानेच उजवीकडे ओढून लावायची खटपट करत राहिले. मी हात पुढे केला. मग मागे घेतला. बाजाराला उशीर झाला, हे सांगायला नकोच.

बाजार म्हणजे धूळ, शिंगांना रंग दिलेले बैल आणि टेम्पोंची रांग. संपतने तात्यांना कडुलिंबाच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, जोडी शेजारी बांधली. थोड्या वेळाने एक दांडगा, मिशीवाला हेडी आला. त्याने जोडीभोवती फेरी मारली, बैलांचे दात बघितले, पाठीवर हात फिरवला. बैल त्याला आवडले होते, ते मलाही कळलं. मग तो तात्यांपुढे वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने म्हणाला, "काय तात्या, हितं उन्हात कशाला आलासा? संपतला पाठवायचं. आमी काय परकं हाय व्हय? तुमी सांगशीला तसं करू."

झालं, मी मनात म्हणाले. अगदी हेच मी तुला म्हणाले होते.

तात्यांनी डाव्या हाताने खांद्यावरचा टॉवेल ओढून उजव्या हातावर टाकला आणि तो हात गुडघ्यावर पुढे सरकवला. हेडीने संपतकडे बघितलं. संपतने खांदे उडवले. हेडी उकिडवा बसला आणि त्याने हात आत घातला.

टॉवेल हलला नाही. भोवती माणसं जमली. कुणी हसत नव्हतं आणि तेच फार वाईट होतं. तात्यांच्या कपाळावर घाम आला. हेडी गोड आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, तात्या. तोंडानं सांगंल की संपत." संपत आकडा सांगायला एक पाऊल पुढे आला.

"हां!" तात्या गरजले. संपत जागच्या जागी अटेन्शनमध्ये उभा राहिला.

माझे हात शिवशिवत होते. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. तिथे मला करण्यासारखं काहीच नव्हतं. नलू, तू हे रोज कसं करत होतीस?

मग टॉवेल हलला. एकदा, आणि जरा थांबून परत. हेडीच्या तोंडावरचं ते गोड हसू गेलं. त्याने भुवया वर केल्या, आतून काहीतरी उत्तर दिलं. तात्यांनी डोळेही न हलवता परत दाबलं. हेडी म्हणाला, "न्हाई, तात्या. न्हाई परवडत." टॉवेल पुन्हा हलला. "आवं, बैल इकताय का सोनं?" माणसं हसली. तो सरळ बसला, मान झटकली, पुन्हा आत बोटं चालवली. आता तो मोठ्याने बोलत नव्हता, तात्यांच्या तोंडाकडेही बघत नव्हता. टॉवेलाकडे बघत होता, डोळे बारीक करून, चिडून. बराच वेळ चाललं. शेवटी त्याने हात बाहेर ओढला, बोटं झटकली आणि उठला.

"म्हाताऱ्या, मरनाच्या दारातनं आलास तरी लुबाडायचं सोडलं न्हाईस! ठेव तुझी जोडी तुझ्याच दावणीला." आणि पाय आपटत तो पुढच्या दावणीकडे निघून गेला. चार पावलांवर त्याने पुन्हा बोटं चोळली.

सौदा मोडला. जोडी टेम्पोतून परत घरी गेली. तात्या माझ्या शेजारी सीटवर बसून अर्ध्या तोंडाने हसत होते आणि वस्तीपर्यंत हसत होते. मी तिथून एकटी साताऱ्याला आले. पुसेगावात थांबले नाही.

घरी तुझा दादा पेपर वाचत होता. मी दारातूनच सांगितलं, "सौदा मोडला."

"अरेरे," तो म्हणाला. "म्हणजे एवढ्या लांबची फेरी फुकट गेली."

मी चपला काढल्या, हात धुतले, त्याच्या समोर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. हेडी म्हणजे कोण, टॉवेल कशाला, डावा हात का चालत नाही, तो माणूस चिडला हे केवढं चांगलं झालं. तो ऐकत होता, मधून मधून विचारत होता, "पण मग बैल विकले का नाहीत?" मी पुन्हा सांगत होते. तुला फोनवर नुसतं "मोडला" म्हटलं असतं, तरी तू पलीकडून किंचाळली असतीस.